दोन बोटं कमी

बोअर क्रमांक चार. अकरा फुटांवर
मातीचा रंग बदलतो.
वर तांबूस, इथल्या बटाट्याच्या शेतात असते तशी,
खाली करडी, हिरव्याकडे झुकलेली.
आर्मां नळी उभी चिरतो आणि बाजूला होतो.
मी मीटरचं नाक मातीला लावते.
आकडा तापासारखा चढतो.

वास मीटरच्या आधीच आला होता, गोडसर.
लहानपणी हा वास आवडत नव्हता
असं म्हणणारं कुणी मला अजून भेटलेलं नाही.

मेन राज्याचा वरचा कोपरा. नदीपलीकडे कॅनडा.
इथे पंप होता, मग केस कापायचं दुकान,
आता तेही बंद.
नकाशात तीन टाक्या. सरकारी फायलीत दोन.
आर्मां म्हणतो चार:
"एक रॉकेलची, घराच्या अंगाला.
तिच्या झाकणावर बसून आइस्क्रीम खाल्लंय मी."
मी लिहून घेते: तोंडी माहिती, एक.

दुपारी देल्फीन कॉर्मिए आली,
नवऱ्याच्या वह्या बटाट्याच्या पोत्यात घालून.
रोज सकाळी सहाला ओवीद टाकीत काठी बुडवायचा,
ओली खूण बघायचा, लिहायचा:
इंच, विकलेले गॅलन, हवामान.
महिनाअखेर ताळा.
एकोणऐंशीच्या मार्चात ताळा जमत नाही.
"एवढं," देल्फीन दोन बोटं आडवी धरते.
मार्च, दोन बोटं कमी. शेरा: थंडीने आकसलं.
एप्रिल, दोन. शेरा: काठी वाकडी?
नव्या काठीची पावती टाचलेली.
मे, अडीच.
आणि नऊ जूनला नुसतं एक नाव,
नोर्बेर.

"पंपावरचा पोऱ्या. सतरा वर्षांचा.
त्याच महिन्यात त्याने मोटरसायकल घेतली, जुनीच.
आम्ही म्हटलं, बघा."
ती वहीकडे बघत नव्हती.
"त्याला काढलं. का काढलं ते
ओवीदने कुणाला सांगितलं नाही, सांगावं लागलं नाही.
त्या शरदात त्याला बटाटे वेचायलाही
कुणी बोलावलं नाही."

मी पान उलटते.
जून, अडीच.
जुलै, अडीच. ऑगस्ट, तीन.
नोर्बेर नाही, तरी तीन.
हवामानाच्या पुढचा रकाना
इथून कोरा आहे, टाक्या काढेपर्यंत, सात वर्षं.
अक्षर तेवढंच रेखीव.

आर्मां सिगारेट शोधतो, मग साइट आठवून खिशात ठेवतो.
"तो कनेक्टिकटला गेला, विमानांच्या कारखान्यात.
बापाच्या मयतीला आला होता,
पुढच्या गावात पेट्रोल भरून."

कालच्या विहिरीत पोहरा सोडतो,
मनगटाएवढ्या रुंदीची विहीर, पोहरा म्हणजे पारदर्शक नळी.
वर येतो तेव्हा पाण्यावर पिवळसर थर.
मी काचेला बोट लावून पाहते.
एक बोटसुद्धा भरत नाही.
बाकीचं कधीच पुढे गेलंय,
रस्त्याखालून, चर्चच्या उताराने,
त्या पांढऱ्या घरांखाली
जिथे प्रत्येक तळघरात कोळशाच्या गाळणीचे
दोन निळे पिंप उभे आहेत
आणि लोक तरीही चहाचं पाणी दुकानातून आणतात.
काहीतरी मुरतंय, हे गावाला तेव्हाही कळलं होतं.
कुठे, ते चुकलं.

मी गुणाकार करते. आठ हजार गॅलन, ढोबळ.
"हे तुमच्या रिपोर्टात येईल?"
गळतीचा अंदाजे काळ येईल, मी म्हणते,
वह्यांच्या प्रती परिशिष्टात.
"आणि तो?"
वाळू, गाळ, चिकणमाती, वास, आकडा, खोली,
माझ्या तक्त्यात एवढेच रकाने.
मी पेनाचं टोपण लावते, काढते.

देल्फीन पोतं नीट घडी करते, चौकोनी,
जणू ते परत करायचं आहे.
"एका पानाची जास्त प्रत काढाल?
पाकीट माझ्याकडे आहे. पत्ता त्याच्या बहिणीकडे मिळेल."
मी जूनवर बोट ठेवते.
"ते नको," ती म्हणते.
"जुलैचं द्या."